सहाच्या बातमीपत्राऐवजी गप्पांचा कार्यक्रम: स्थानिक वाहिनीने नेमके काय बंद केले?

मेधा (ओहायो)

नमस्कार. आम्ही ओहायोतील एका मध्यम आकाराच्या शहरात राहतो. येथील एका स्थानिक वाहिनीने संध्याकाळी सहाचे बातमीपत्र बंद केले असून, बातम्या आता पॉडकास्टच्या धर्तीवरील एका कार्यक्रमाकडे सोपवल्या आहेत. त्यात दोन निवेदक तासभर समोरासमोर बसून बोलतात आणि तो केवळ वाहिनीच्या ॲपवर व यूट्यूबवर दिसतो. प्रेक्षकच तिकडे गेले आहेत, असे वाहिनीचे म्हणणे आहे आणि ते खोटे नाही. प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या नील्सन कंपनीच्या मोजणीनुसार मे २०२५ मध्ये अमेरिकेत टीव्ही पाहण्याच्या एकूण वेळेपैकी ४४.८ टक्के वाटा स्ट्रीमिंगचा होता, आणि प्रक्षेपण व केबल यांची बेरीज प्रथमच त्याच्या खाली गेली.

कार्यक्रम ऐकायला बरा आहे. मात्र शाळांसाठीच्या वाढीव मालमत्ता कराचा प्रस्ताव मतदानाला आला, तेव्हा दोघे त्यावर अर्धा तास बोलले खरे, पण शाळा मंडळाच्या बैठकीत काय घडले हे त्यांनी गावच्या वर्तमानपत्रातून वाचून दाखवले. हा बदल केवळ मांडणीतला आहे, की बातमी गोळा करण्याचे कामच थांबले आहे, हे प्रेक्षकाने कसे ओळखावे? आणि आपल्याला त्यात काही करता येते का?

श्रीरंग

मेधाताई, मी काही वर्षे अशाच एका वाहिनीत बातमीपत्राचा प्रोड्यूसर होतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

अर्ध्या तासाच्या बातमीपत्रातून जाहिराती, हवामान आणि खेळ वजा केले की बातम्यांना जेमतेम पंधरा मिनिटे उरतात. त्यातले दीड मिनिटाचे एक पॅकेज, म्हणजे चित्रीकरण आणि मुलाखती जोडून केलेली बातमी, तयार करायला बातमीदाराचा अख्खा दिवस जातो: सकाळच्या मीटिंगमध्ये विषय ठरवायचा, गाडी काढून घटनास्थळी जायचे, चार जणांना गाठायचे, त्यांपैकी दोघे कॅमेऱ्यासमोर बोलायला नकार देणार, मग परत येऊन संकलन. बातमीदारांना कामे वाटणाऱ्या असाइनमेंट डेस्कवर पोलीस आणि अग्निशमन दलाचा स्कॅनर दिवसभर खरखरत असतो आणि तिथला माणूस फोनवर बोलता बोलताही त्याच्याकडे कान ठेवून असतो. हा सगळा खर्च पडद्यावर दिसत नाही, म्हणूनच काटछाट करताना पहिला हात तिथे जातो.

गप्पांच्या कार्यक्रमाला दोन माणसे, दोन माइक आणि एक खोली पुरते. केबलची वर्गणी बंद करणारी घरे वाढली, तशी केबल कंपन्यांकडून वाहिन्यांना मिळणारी पुनर्प्रक्षेपणाची फी आटत चालली आहे. राजकीय जाहिरातींचे मोठे उत्पन्न निवडणुकीच्या सम वर्षांत येते, मधल्या वर्षांत ओढाताण होते. व्यवस्थापनाचा हिशेब मला कळतो. तरीही गप्पांना शिधा लागतो, आणि तो कोणीतरी बाहेर जाऊनच आणावा लागतो.

ओळखण्याची खूण सोपी आहे. आठवडाभर कार्यक्रम पाहा आणि प्रत्येक विषयापुढे लिहा, की ही माहिती कोणी आणली. वाहिनीच्या बातमीदाराचे नाव, त्याने स्वतः घेतलेली मुलाखत, न्यायालयातील किंवा नगर परिषदेतील त्याचे स्वतःचे चित्रीकरण यांपैकी काहीच आठवडाभरात आढळले नाही, तर बंद झाली ती बातमीदारी. बातमीदार दिसले, तर बदल मांडणीतला आहे आणि त्याला संधी द्यायला हरकत नाही.

टोलेडोकर

आमच्या टोलेडोत, म्हणजे ओहायोतच, हे टप्प्याटप्प्याने घडताना पाहिले. डब्ल्यूएनडब्ल्यूओ या वाहिनीचे बातमीपत्र २०१७ पासून शेजारच्या इंडियाना राज्यातील साउथ बेंडहून सादर होऊ लागले, आणि मे २०२३ मध्ये मालक कंपनी सिंक्लेअरने ते बंद करून त्या जागी आपला राष्ट्रीय बातम्यांचा कार्यक्रम आणला. त्याच सुमारास ओरेगनमधील मेडफर्डच्या केटीव्हीएलचेही स्थानिक बातमीपत्र गेले. आमच्याकडे अन्य वाहिन्यांची बातमीपत्रे आहेत, म्हणून निभावले.

स्थानिक बातमी म्हणजे काय, हे मला २ ऑगस्ट २०१४ रोजी समजले. ईरी सरोवरातील शेवाळाचे विष नळाच्या पाण्यात आले आणि सुमारे चार लाख लोकांना पाणी पिऊ नका असे सांगण्यात आले. आपल्या घरांत पाण्याबद्दल शंका आली की पहिला उपाय उकळण्याचा. आमच्याकडे आईने पातेले गॅसवर चढवलेही होते. पण उकळल्याने ते विष नष्ट होत नाही, पाणी आटून उलट अधिक तीव्र होते, आणि हे वाक्य स्थानिक वाहिन्या त्या शनिवारी सकाळपासून पुन्हा पुन्हा सांगत होत्या. ‘उकळू नका’ हे शब्द तासाभराच्या गप्पांत चाळिसाव्या मिनिटाला येऊन चालले नसते.

अनघा (डेन्व्हर)

गप्पांच्या शैलीला सरसकट दोष देऊ नये, असे मला मनापासून वाटते. डेन्व्हरच्या केयूएसए वाहिनीने २०१६ मध्ये संध्याकाळी सहाचे पारंपरिक बातमीपत्र बाजूला ठेवून काइल क्लार्क यांचा ‘नेक्स्ट’ सुरू केला. निवेदक मोकळेपणाने बोलतात, मत मांडतात, प्रेक्षकांच्या तक्रारी वाचून त्यांना उत्तर देतात, आणि राजकारण्याने प्रश्न टाळला तर त्याने तो टाळला हे स्पष्ट सांगतात. आमच्या घरात तो आवडीने पाहिला जातो, कारण दीड मिनिटात न मावणारा विषय तिथे समजतो.

फरक असा, की त्यामागे वाहिनीचा संपूर्ण वृत्तकक्ष उभा होता आणि सकाळ-रात्रीची नेहमीची बातमीपत्रेही चालू राहिली. ३० डिसेंबर २०२१ रोजी ‘मार्शल’ नावाच्या वणव्याने डेन्व्हरजवळच्या सुपीरियर आणि लुइसव्हिल भागांत काही तासांत हजाराहून अधिक घरे जाळली, तेव्हा येथील वाहिन्यांना सलग थेट प्रक्षेपण करता आले ते आधीपासून नोकरीत असलेल्या बातमीदारांमुळे. आग लागल्यावर माणसे भरती करता येत नाहीत.

विनायक

मेधाताईंच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल, म्हणजे आपल्याला काही करता येते का याबद्दल. अमेरिकेच्या १९३४ च्या दळणवळण कायद्यानुसार प्रक्षेपणाचा परवाना लोकहितासाठी असतो, परंतु बातम्या किती दाखवाव्यात याचे बंधन नाही. बातम्यांसारख्या कार्यक्रमांच्या प्रमाणाबद्दलची मार्गदर्शक तत्त्वेही एफसीसीने, म्हणजे हे परवाने देणाऱ्या सरकारी आयोगाने, १९८४ मध्ये काढून टाकली. तरीही स्थानिक प्रश्नांवर काय दाखवले याची यादी प्रत्येक वाहिनीला दर तिमाहीनंतर, म्हणजे जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरच्या १० तारखेपर्यंत, एफसीसीच्या संकेतस्थळावरील सार्वजनिक फाइलमध्ये ठेवावी लागते. ती कोणालाही वाचता येते. परवाना ८ वर्षांचा असतो. ओहायोतील परवान्यांचे नूतनीकरण २०२९ मध्ये आहे आणि त्या वेळी नागरिकांना लेखी हरकत घेता येते.

याहून महत्त्वाचे म्हणजे ॲपवरील किंवा यूट्यूबवरील कार्यक्रम या परवान्याखाली येतच नाही. आपत्कालीन इशारा यंत्रणेचे बंधन प्रक्षेपणाला आहे, स्ट्रीमला नाही. टीव्हीवर कॅप्शनसह, म्हणजे बोलणे पडद्यावर अक्षरांत उमटवून, दाखवलेला कार्यक्रम नेटवर टाकताना कॅप्शन द्यावे लागतात, मात्र केवळ नेटसाठी बनवलेल्या कार्यक्रमाला तेही बंधन नाही. ज्यांच्या घरी कमी ऐकू येणारी वडीलधारी माणसे आहेत, त्यांनी हे आवर्जून तपासावे.

मेधा (ओहायो)

सर्वांचे आभार. श्रीरंग यांनी सांगितल्याप्रमाणे सोमवारपासून नोंद ठेवते. सासूबाई कॅप्शनशिवाय टीव्ही पाहू शकत नाहीत, त्यामुळे विनायक यांचा शेवटचा मुद्दा आमच्यासाठी रोजचाच आहे. वाहिनीच्या महाव्यवस्थापकांना पत्र लिहून दोनच गोष्टी विचारणार आहे: नगर परिषद आणि शाळा मंडळाच्या बैठकांना आता कोण जाते, आणि चक्रीवादळाचा (टॉर्नेडोचा) इशारा आला तर स्ट्रीमवर तो कसा दिसेल. उत्तर आले की येथे देते. मागच्या चार तिमाहींच्या याद्या कोणी माझ्यासोबत वाचणार असेल, तर कृपया कळवावे.