मोर्चाच्या दिवशी बर्डीतली दुकानं बंद ठेवावीत का?

मोदी नंबर ३:
डिसेंबर आला की आमच्या बर्डीत, म्हणजे नागपूरच्या सीताबर्डी बाजारात, एकच मागणी सुरू होते, मोर्चे शहराबाहेर न्या. मला ती पटत नाही. १९५३ च्या नागपूर करारानुसार दरवर्षी विधिमंडळाचं एक अधिवेशन इथे व्हायचं असतं, आणि सरकार नागपुरात आलं की माणसं गाऱ्हाणं घेऊन येणारच. विधानभवन, झिरो माईल, मॉरिस कॉलेजचा टी-पॉइंट, व्हरायटी चौक, सगळं पायी जाण्याच्या अंतरात आहे. मग आपण तयारी का करत नाही? सकाळी अर्धं शटर ओढायचं आणि संध्याकाळी धंदा बुडाला म्हणून बोटं मोडायची, याला तयारी म्हणत नाहीत.

आमचं कापडाचं दुकान मोदी नंबर ३ या गल्लीत आहे. अधिवेशनाच्या आधीच्या आठवड्यात माल भरून घेतो, त्या दिवसांत गाडी बर्डीत बोलवतच नाही. अगदीच अडलं तर सकाळी आठच्या आत गठ्ठे उतरवून गाडी मोकळी करतो. कोणता रस्ता कधी बंद, हे वाहतूक पोलिसांनी जाहीर केलं की कागदावर लिहून गल्ल्याशेजारी चिकटवतो. कामगारांनी गाड्या घरी ठेवून मेट्रोने यायचं. सीताबर्डी इंटरचेंजला दोन्ही मार्गिका मिळतात, त्यामुळे कामठी रोडचा असो की हिंगणा रोडचा, पोरगा वेळेवर पोचतो. बाहेर मांडलेले पुतळे आत घेतो, गर्दीला चालायला जागा होते. नेहमीच्या गिऱ्हाइकांना आदल्या रात्रीच कळवतो की मेट्रोने या, नाहीतर सहानंतर या. दुपारचा गल्ला कमी होतो, दिवस मात्र बुडत नाही.

चपलांचं दुकान, मेन रोड:
दादा, तुमचं दुकान गल्लीत आहे म्हणून जमतं. माझ्या पायरीलाच बॅरिकेड लागतं. चप्पल पायात घालून बघावी लागते, त्यासाठी माणूस दुकानात यावा लागतो. लग्नसराईतलं गिऱ्हाईक एकदा दुसऱ्या बाजारात गेलं की परत फिरत नाही. भाडं, लाइटबिल, बँकेचा हप्ता त्या दिवसाचाही भरावाच लागतो. आणि तयारीचा खर्च दुकानदारानेच का सोसायचा? शाहीनबाग प्रकरणात २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की आंदोलन ठरवून दिलेल्या जागीच व्हावं. यशवंत स्टेडियमला धरण्याची जागा आहे, तिथेच बसवा ना सगळ्यांना.

मोदी नंबर ३:
तो निकाल बेमुदत रस्ता अडवून बसण्याच्या प्रकरणातला होता. तासा-दोन तासांत पुढे सरकणाऱ्या मोर्चाला तोच न्याय कसा लावणार? मेन रोडची अडचण वेगळी आहे, हे खरं. पण तुमची मागणी पोलिसांकडे हवी: बॅरिकेड आणि दुकानाची पायरी यांच्यामध्ये माणूस जाईल एवढी वाट सोडा. ही मागणी संघटनेने लेखी द्यावी, मी सही करतो.

वणीची ताई:
मी मोर्चात येणारी आहे, म्हणून लिहिते. आम्ही रातच्याला निघतो न भाऊ, सकाळी नागपुरात उतरतो. बायांना सगळ्यात मोठा त्रास पाण्याचा अन् बाथरूमचा. दुकानं बंद दिसली की वाटते, आपल्याला चोर समजून राहिले. गेल्या खेपेला एका भांड्यांच्या दुकानदाराने दारात पाण्याचा कॅन ठेवला होता. परतताना आमच्यातल्या कितीतरी बाया त्याच्याकडूनच डबे घेऊन गेल्या. अन् एक सांगते, २३ नोव्हेंबर १९९४ ला नागपुरातच गोवारी समाजाचा मोर्चा अडवला, चेंगराचेंगरी झाली, ११४ जण गेले. त्यात बाया होत्या, लेकरं होती. गर्दीला निघायला वाट पाहिजे. उघडं दुकान असलं तर एखादी बाई लेकरू घेऊन आत तरी शिरू शकते.

चपलांचं दुकान, मेन रोड:
ताई, पाणी आम्हीही ठेवू. माझा राग तुमच्यावर नाही. पण दगड कोणाच्या हातून येतो ते समोरच्या काचेला कळत नाही. काच फुटली तर भरपाई कोण देणार?

विम्याचं काम करतो:
काचेचं सांगतो. दुकानाच्या आगीच्या पॉलिसीत दंगल, संप, मुद्दाम केलेली तोडफोड सहसा धरलेली असते. एका ठिकाणची ५ कोटींपर्यंतची मालमत्ता असलेल्यांसाठी एप्रिल २०२१ पासून 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही ठरावीक पॉलिसी आहे, तिच्यातही हे येतं. पण काहीही न फुटता फक्त गिऱ्हाईक आलं नाही, तर त्या नुकसानीचे पैसे मिळत नाहीत. बरेच दुकानदार इथेच फसतात. अधिवेशनाआधी मालाचे फोटो काढा, स्टॉकची यादी आणि बिलं दुकानाबाहेर कुठेतरी ठेवा. दावा बहुतेक वेळा मालाच्या पुराव्यावर अडतो.

ट्रान्सपोर्टवाला, वाडी:
तयारी एका मर्यादेपर्यंतच चालते. २०२५ च्या ऑक्टोबरअखेर बच्चू कडूंच्या शेतकरी कर्जमाफीच्या आंदोलनात वर्धा रोड अडला, तेव्हा माल शहरात शिरलाच नाही. ई-वे बिलाची, म्हणजे माल नेण्यासाठी लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाची, मुदत २०० किलोमीटरला एक दिवस. संपण्याच्या आधीच्या किंवा नंतरच्या आठ तासांतच ती वाढवता येते. रांगेत ड्रायव्हर झोपला, मोबाइल बंद पडला, की दंड मालकाच्या माथी. शेतकऱ्यांची मागणी मला मान्य आहे, हायवे अडवणं मान्य नाही.

काउंटरवरची:
मालक लोकांचं बोलून झालं असेल तर माझंही ऐका. मी बर्डीतल्या एका दुकानात रोजाने आहे. दुकान बंद ठेवलं की माझा त्या दिवसाचा रोज कापतात. मोर्चा कोणाचाही असो, शटर मालक ओढतो आणि घरखर्चाला कात्री माझ्या लागते. अधिवेशनाचा आठवडा आला की मी किराण्याची यादी आधीच लहान करते.

चपलांचं दुकान, मेन रोड:
ताई, रोज कापणं चूकच आहे. माझ्याकडे कापत नाही, पुढेही कापणार नाही. पण मोर्चाचा मार्ग मला आदल्या संध्याकाळी कळतो, तो चार दिवस आधी कळला पाहिजे. तेवढं होईपर्यंत मेन रोडवरच्या माणसाला 'तयारी करा' म्हणू नका.