प्रतिसाद: गंबोरो आणि व्हीपी२चं सिक्वेन्सिंग
कोंबड्यांना लस देऊनही गंबोरो (त्यांची प्रतिकारशक्ती खालावणारा विषाणूजन्य रोग) आला तर विषाणूच्या व्हीपी२ या प्रथिनाचं सिक्वेन्सिंग (जनुकीय क्रम वाचणं) करा, हा सल्ला मला पूर्ण पटतो. विषाणूचं कवच याच एका प्रथिनाचं असतं आणि संरक्षक प्रतिपिंडंही प्रामुख्याने त्यावरच चिकटतात. म्हणून २०६ ते ३५० या अमिनो आम्लांचा, सतत बदलणारा पट्टा वाचतात. त्यात २२२व्या जागी अॅलनिन, २५६ आणि २९४ला आयसोल्युसिन आणि २९९ला सेरिन दिसलं तर अतितीव्र प्रकाराची दाट शंका घ्यावी.

पण तेवढ्यावर थांबू नका, ही कळकळीची विनंती. या विषाणूचा जीनोम दोन तुकड्यांचा आहे. व्हीपी२ 'अ' तुकड्यावर, तर आरएनएच्या प्रती काढणारं व्हीपी१ 'ब' तुकड्यावर. दोन विषाणूंचे तुकडे एकमेकांत मिसळलेले नमुने अनेक देशांत सापडले आहेत, आणि तीव्रतेत 'ब'चाही वाटा असतो. दोन्ही वाचून घ्या.

आणखी एक: जिवंत लसीचा विषाणूही बर्सात (कोंबडीच्या शेपटीजवळच्या प्रतिकारशक्तीच्या अवयवात) काही दिवस राहतो. नुसता पीसीआर (विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी चाचणी) पॉझिटिव्ह आला म्हणून रोगाचाच विषाणू धरू नये. तिथेच सिक्वेन्सिंग खरं कामाला येतं. नमुना पाठवताना लसीचं नाव आणि दिल्याची तारीख जरूर लिहा.