बाबांच्या पेटीतली बाण बनवायची हत्यारं: कोणतं काय आहे?

कोपऱ्यातली_खुर्ची
बाबा गेल्यानंतर त्यांची लोखंडी पेटी काल पहिल्यांदा उघडली. ते लाकडी बाण घरीच बनवायचे, एवढंच मला ठाऊक. त्या खोलीत आम्हा मुलांना सक्त मज्जाव होता.

एक जड धातूचा स्टँड आहे. तळाशी फिरणारी चकती, बाजूला चुंबकाने चिकटणारा लांब चिमटा, जरासा पिळलेला. पेन्सिलच्या शार्पनरसारखा, दोन भोकांचा एक ठोकळा. एक लांब फळी: दोन खुंट्या, मधे आकड्याला लोंबणारं वजन, मागे काटा. (मला हा मासे तोलायचा काटा वाटला, हसू नका.) एका डब्याला प्लग आहे आणि वर दोन खांबांमध्ये पिसाच्या आकारात वाकवलेली तार. शिवाय बरणीभर पिसं, सगळी एकाच बाजूला वळणारी. बाबा डावखुरे होते म्हणून का?

डब्याचा प्लग लावून बघू?

लाकूडतोड्या
नका लावू! बाकीचं नंतर वाचलं, आधी हे लिहितोय. ते पिसं जाळायचं यंत्र आहे. तार लालबुंद तापते, तिच्याजवळ बाण गोल फिरवला की पिसं हव्या त्या आकारात जळून कापली जातात. केस जळल्यासारखा वास सुटतो. उघडी तार, त्यात इतकी जुनी वायर. इलेक्ट्रिशियनने तपासल्याशिवाय हात लावू नका. तुम्हाला मज्जाव का होता, ते आता कळलं असेल.

जुनी_प्रत्यंचा
स्टँड म्हणजे फ्लेचिंग जिग, बाणाला पिसं चिकटवायचा साचा. वर्णन बिट्झेनबर्गर या कंपनीच्या जिगशी जुळतंय, कुठे नाव दिसतं का बघा. यावर एका वेळी एकच बाण होतो. एक पीस चिकटवून वाळू द्यायचं, चकती १२० अंश फिरवायची, मग पुढचं. डावखुरेपणाचा इथे काही संबंध नाही. डाव्या पंखाची पिसं एका बाजूला वळतात, उजव्याची दुसऱ्या, आणि चिमट्याचा पीळ त्या वळणाशी जुळावा लागतो. चिमटा एकच, म्हणून पिसंही एकाच पंखाची.

शार्पनर काडीची, म्हणजे बाणाच्या लाकडी दांड्याची, टोकं निमुळती करायला: ५ अंशांचा उतार फाळासाठी, ११ अंशांचा नॉकसाठी, म्हणजे दोरीत अडकणाऱ्या मागच्या खाचेसाठी.

पण खरा ऐवज ती फळी आहे. तिच्यावर काडीचा ताठपणा, म्हणजे स्पाइन, मोजतात. खुंट्यांमधलं अंतर २६ इंच आणि वजन २ पौंड आहे का बघा. काडी आडवी ठेवून मधोमध वजन अडकवा. ती जितके इंच वाकेल त्या आकड्याने २६ ला भागलं की पौंडात स्पाइन मिळतो. अर्धा इंच वाकली तर ५२. दोरी सुटली की बाण सरळ जात नाही, वळवळत धनुष्याला वळसा घालतो. काडी धनुष्याच्या मानाने फार ताठ किंवा फार लवचिक असली, तर नेम अचूक धरूनही बाण बाजूला जातो. त्यात एकाच झाडाच्या दोन काड्यासुद्धा सारख्या वाकत नाहीत. म्हणून मी आधी फळीशी बसते, पिसांचं मग. कार्बन बाणांवरचे ४००, ५०० हे आकडे वेगळ्या मापाचे, त्यांच्याशी गल्लत करू नका.

कोपऱ्यातली_खुर्ची
प्रत्यंचाकाका, अंतर २६ इंचच! वजन स्वयंपाकघरातल्या काट्यावर ९०५ ग्रॅम. पेटीच्या तळाशी रबराने बांधलेल्या काड्या निघाल्या, प्रत्येकीवर पेन्सिलीने ४८, ५०, ५३. मी त्या किमती समजले होते. ५० वाली लावली, काटा ०.५२ वर थांबला. भागाकार केला तर ५०. तीनदा करून पाहिलं.

चिमट्यावर वाळलेला गोंद आहे, खरवडू का?

जुनी_प्रत्यंचा
काका नाही, मावशी म्हणा. २ पौंड म्हणजे ९०७ ग्रॅम, तेव्हा वजन बरोबरच आहे. सुरी मुळीच लावू नका. कडेला खाच पडली तर पीस नीट दाबलं जाणार नाही. कापडावर थोडं अ‍ॅसिटोन घेऊन हलकेच पुसा, रंगाला लागू देऊ नका. त्या काड्यांचे बाण करणार असाल, तर आधी प्रत्येक काडी हळूहळू फिरवत चहूबाजूंनी वाकवून बघा. कुर्र आवाज आला किंवा केसाएवढी चीर दिसली तर ती मोडून टाका, मग तिच्यावर ५० लिहिलेलं असो की काही. सुटताना फुटलेली काडी हातात घुसते.