थेस्सालोनिकीची येनी जामी: मशीदच ठेवावी की प्रदर्शनाचं दालन?

मुशाफिर७
ग्रीसमधल्या थेस्सालोनिकीत १९०२ साली, तुर्की अमलात, ही मशीद उभी राहिली. वास्तुकार इटालियन, व्हितालियानो पोझेली. बांधून घेणारे ‘द्योन्मे’, म्हणजे सतराव्या शतकात स्वतःला मसीहा म्हणवणाऱ्या शब्बताई झ्वी या ज्यू धर्मगुरूच्या मागोमाग इस्लाम स्वीकारलेल्या ज्यूंचे वंशज. नक्षीत ज्यूंची खूण असलेले सहा टोकांचे तारे आहेत, ते त्यामुळेच म्हणतात.

१९२३च्या लोझान करारात ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यात धर्म पाहून माणसांची अदलाबदल ठरली. द्योन्मे कागदोपत्री मुसलमान, म्हणून त्यांची रवानगी तुर्कस्तानात. रिकाम्या मशिदीत आधी निर्वासित राहिले, १९२५पासून पुराणवस्तू संग्रहालय आलं, ते नव्या इमारतीत गेल्यावर प्रदर्शनं. एप्रिल २०२४मध्ये शंभरेक वर्षांनी तिथे ईदची नमाज झाली. एक दिवस परवानगी कसली देता? मशीद म्हणून बांधलीय, मशीदच असू द्या.

कोकणकडा
देणार कोणाला? बांधणारे तर गेले. आजच्या शहरातले मुसलमान बहुतेक बाहेरून आलेले, द्योन्म्यांशी त्यांचा संबंध काय?

मुशाफिर७
आधी घालवायचं आणि मग वारस नाही म्हणायचं, छान!

तिरकस_आजोबा
त्याच गावातला रोटुंडा, ती गोल घुमटाची जुनी इमारत बघा. इ.स. ३००च्या सुमारास रोमन सम्राट गालेरियसने बांधला. कबर म्हणून की देऊळ म्हणून, यावर तज्ज्ञ अजून भांडताहेत. पुढे चर्च, १५९१च्या सुमारास मशीद, १९१२ला पुन्हा चर्च. मिनार अजून उभा आहे. ‘मूळ वापर’ हाच निकष असेल तर तिथे कोणाला बसवणार? गालेरियसला?

कोकणकडा
+१. आणि निर्वासितांनी तिथे संसार मांडले, तोही त्या वास्तूचा इतिहासच की. तो पुसायचा?

अनघा_प
इस्तंबूलच्या आया सोफियाचं संग्रहालय मोडून २०२०मध्ये पुन्हा मशीद केली, तेव्हा याच मंचावर ‘संग्रहालय सर्वांचं असतं’ म्हणणारे बरेच होते. तोच न्याय इथे लावा, एवढंच म्हणते.

मुशाफिर७
दोन्हींत फरक आहे. इस्तंबूलमध्ये मशिदींची वानवा नव्हती. इथे नमाज कुठे पढायची हा रोजचा प्रश्न आहे.

तिरकस_आजोबा
मग नवी मशीद मागा की, त्याला माझा पाठिंबा. त्यासाठी द्योन्म्यांची इमारत कशाला? त्यांची म्हणून गावात उरलेली ती एक ठळक खूण आहे. सरसकट मशीद झाली की सहा टोकांचे ते तारे कोणाला खुपणार नाहीत, याची हमी तुम्ही देता?