शनिवारवाड्याचे १०० मीटर: वारसा सगळ्यांचा, भुर्दंड कोणाला?

पेठकर:
शनिवारवाड्याच्या हद्दीपासून १०० मीटरच्या आत नवं बांधकाम करता येत नाही. संरक्षित स्मारकांचा मूळ कायदा १९५८चा, ही कडक बंदी २०१०च्या दुरुस्तीने आली. त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगी काढून बांधता येतं. आमचा वाडा नेमका आतल्या पट्ट्यात. जिन्याखालची तुळई वाळवीने पोखरलीय, चौकाकडच्या कडीपाटाला लोखंडी टेकू दिलेत, पावसाळ्यात मागची मातीची भिंत फुगते. १८२८च्या आगीत पेशव्यांचा वाडा जळाला, उरले तट, दरवाजे आणि जोती. त्या जोत्यांसाठी माणसांनी टेकूखाली झोपायचं? सरसकट १०० मीटर कशाला, जागा बघून अंतर ठरवा.

चुना_वीट:
असहमत. दुरुस्तीला बंदी नाहीच. १६ जून १९९२ पूर्वीची इमारत असेल तर दुरुस्ती-नूतनीकरणासाठी अर्ज करता येतो. तुळई बदला, भिंत नव्याने उचला. पण तुम्हाला दुरुस्ती नकोय, फ्लॅट हवेत, स्पष्ट बोला ना! तट खाली दगडी, वर विटांचे. शेजारी तळघरासाठी खणलं की हादरे कोणाला बसणार? आणि ज्या पेठांत ही बंदी नव्हती तिथे काय झालं ते दिसतंच आहे. वाडा गेला, पार्किंगवर इमारत आली आणि पाटीवर नाव तेवढं 'अमुक वाडा'.

पेठकर:
हो, फ्लॅट हवेत. संडास घरात असावा एवढी हौस आहे आम्हाला. दुरुस्तीचा खर्च कोण करणार? दोन मिसळींचं बिल काही भाडेकरूंच्या महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त होतं. मिळकत पत्रिकेवर डझनभर वारस, सही मागितली की एकजण हमखास रुसतो.

तिरकस:
शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात इतक्या सभा गाजल्या, तेव्हा हादरे बसले नसावेत. 😀

सागवानी:
मुंबईत १९९५च्या वारसा नियमावलीत यादीतल्या इमारतीच्या मालकाला टीडीआरची, म्हणजे बांधकामाचा हक्क दुसऱ्या जागेवर नेण्याची सोय झाली. न वापरलेला एफएसआय (प्लॉटवर जितकं बांधता येतं ते क्षेत्र) दुसरीकडे विकायचा, पैसा जुन्या वास्तूला लावायचा. इथे केंद्राचा कायदा बांधू नका म्हणतो आणि टीडीआरसारखी सोय काही देत नाही. माझ्या मते खरा अन्याय तो. अंतराचं भांडण दुय्यम. बंदी राहू द्या, पण तिची किंमत शहराने मोजावी.

चुना_वीट:
हे चालेल, एका अटीवर. टीडीआर आधी हातात दिला तर विकून मोकळे होतील आणि वाडा पडेपर्यंत वाट बघतील. आधी छप्पर, मग टीडीआर.

पेठकर:
म्हणजे आधी लाखो रुपये मीच घालायचे! या पट्ट्यातल्या वाड्यावर कर्ज मिळेल का, तेही विचारून झालंय. साहेबांनी आधी नकाशा बघितला, मग चहा मागवला. कर्जाचा विषय तिथेच संपला.

सागवानी:
मग टप्प्याटप्प्याने द्या. टेकू निघाले की पहिला हप्ता. भाडेकरूंना तोवर कुठे ठेवणार, ते मात्र दोघांपैकी कोणीच बोललेलं नाही.