मदत हवी आहे: डबा टीव्ही आणि फुगलेली बॅटरी कुठे द्यावी?

नमस्कार. मी पुण्यात कोथरूडला राहते. माळा आवरताना बाबांचा जुना डबा टीव्ही आणि एक लॅपटॉप निघाला. लॅपटॉपची बॅटरी फुगलीय, म्हणून तो गॅलरीत वेगळा ठेवलाय.

भंगारवाले काका टीव्ही न्यायला तयार आहेत. पण तांब्यासाठी असे टीव्ही फोडून शिसं असलेली काच नाल्याकाठी टाकलेली मी पाहिलीय. आमच्या टीव्हीचं तसं व्हायला नको. १ एप्रिल २०२३पासूनच्या ई-कचरा नियमांत जबाबदारी उत्पादकांवर आहे, तरी कंपनीच्या हेल्पलाइनवर कुणी नीट सांगेना.

नोंदणीकृत रिसायकलरकडे कुणी स्वतः सामान दिलंय का? घरून नेतात का, पावती मिळते का? आणि मुख्य म्हणजे, फुगलेली बॅटरी घेतात का? हार्ड डिस्क आधी काढून ठेवू का?