मदत हवी आहे: ३ लोखंड, ४ ऑक्सिजन, नाव काय लिहायचं?

नमस्कार जी. गडचिरोलीकडचं गाव, पोरगी दहावीत. वखराची पास पाजवायला लोहाराकडे गेलो, तर ऐरणीखालच्या काळ्या खपल्या तिनं चुंबकाला लावल्या. झटकन चिकटल्या! विळ्यावरचा तांबडा गंज मात्र चिकटत नाही, सुरजागडकडचा हेमॅटाइटचा, म्हणजे लोहखनिजाचा, खडाही नाही.

फेरस ऑक्साइडात (लोखंडाची संयुजा, म्हणजे जोडणीची क्षमता, २) लोखंड न् ऑक्सिजन १ ला १, फेरिकात (संयुजा ३) २ ला ३, गंज म्हणजे पाणी धरलेलं फेरिक, इथवर समजलं. पण खपल्यांतल्या मॅग्नेटाइटात ३ ला ४. चार ऑक्सिजनचे दोन-दोन मिळून आठ, भागिले तीन लोखंड, म्हणजे संयुजा २.६७? अशी अर्धीमुर्धी संयुजा असते का बाप्पा? एक जण म्हणतो, त्यात एक फेरस न् दोन फेरिक आहेत. मग पेपरात नाव काय लिहावं? अन् चुंबक यालाच का ओढतो? सोमवारी चाचणी आहे, सोप्या भाषेत सांगा.